१२ फूट ५ इंच : सॅन फ्रान्सिस्कोच्या वाघिणीचे प्रकरण आणि माणसांची जबाबदारी

२५ डिसेंबर २००७ रोजी, नाताळच्या संध्याकाळी पाचच्या सुमारास, अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को प्राणिसंग्रहालय बंद होण्याच्या बेतात असताना तातियाना नावाची चार वर्षांची सायबेरियन वाघीण आपल्या उघड्या आवारातून बाहेर आली. तिने १७ वर्षांच्या एका मुलाला ठार केले आणि त्याच्याबरोबर आलेल्या १९ व २३ वर्षांच्या दोन भावांना जखमी केले. पोलिसांनी गोळ्या घालून तिला मारले, तेव्हा ती त्या जागेपासून सुमारे ३०० यार्डांवर, एका उपाहारगृहाजवळ होती. पुढचे अनेक आठवडे एकाच प्रश्नाभोवती चर्चा फिरत राहिली : त्या तरुणांनी वाघिणीला डिवचले होते का? प्रश्न गैरलागू नव्हता, पण तो इतका पुढे आला की त्याच्या आधी विचारायला हवा असलेला प्रश्न काही काळ झाकला गेला. डिवचलेल्या वाघिणीला बाहेर येता येईल अशी भिंत तिथे कशी काय उभी होती, आणि ती किती उंच आहे हे कोणालाच कसे माहीत नव्हते?

या लेखात त्या एका घटनेतील जबाबदारीची मांडणी केली आहे. अशा प्रकरणांत दोष एकाच माणसाच्या माथी मारण्याची घाई नेहमीच होते. येथे किमान पाच-सहा हात गुंतलेले दिसतात आणि त्यांपैकी प्रत्येकाची जबाबदारी वेगळ्या जातीची आहे.

त्या संध्याकाळी काय घडले

तातियानाचा जन्म २००३ मध्ये डेन्व्हरच्या प्राणिसंग्रहालयात झाला. सायबेरियन वाघांच्या बंदिस्त प्रजननाच्या कार्यक्रमात जोड्या ठरवून प्राणी एका संग्रहालयातून दुसऱ्यात पाठवले जातात. त्यानुसार २००५ च्या डिसेंबरात तिला टोनी नावाच्या वाघासाठी सॅन फ्रान्सिस्कोला आणले गेले. म्हणजे ती जंगलातून पकडून आणलेली नव्हती, तिची आख्खी हयात माणसांच्या सान्निध्यात गेली होती. अशा प्राण्याला बोलीत आपण सहज ‘माणसाळलेला’ म्हणून टाकतो. माणसांची सवय होणे आणि शिकारीची वृत्ती जाणे या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो, आणि प्राणिपालांना हे पक्के ठाऊक असते.

तपासातून आणि वाचलेल्यांच्या सांगण्यातून जो क्रम पुढे आला तो असा. वाघिणीने बाहेर आल्यावर प्रथम मोठ्या भावावर झेप घेतली. इतर दोघांनी तिचे लक्ष वळवण्यासाठी आरडाओरडा केला, तेव्हा ती त्या मुलाकडे वळली आणि त्याचा जीव गेला. दोघे भाऊ उपाहारगृहाच्या दिशेने पळाले. ते बंद झाले होते आणि त्यांच्यासाठी त्याचे दार उघडले नाही. वाघीण त्यांच्या मागावर तिथपर्यंत पोहोचली.

आपत्कालीन दूरध्वनीवर पहिली खबर पाच वाजून काही मिनिटांनी गेली. प्राण्याने चावा घेतल्याचे सांगणारा माणूस भानावर नसावा, तो काहीतरी रचून सांगत असावा, असे संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांना सुरुवातीला वाटले आणि त्यांनी पोलिसांनाही तसेच सांगितले. वाघ सुटला आहे याची खात्री पटल्यावर फाटके बंद करण्यात आली, आणि त्यामुळे आत येऊ पाहणाऱ्या पोलिसांचाच थोडा वेळ फाटकाशी गेला. अखेर चार पोलिसांना वाघीण एका भावाजवळ दिसली. ती त्यांच्या दिशेने वळल्यावर त्यांनी गोळ्या झाडल्या.

गोळी घालण्याऐवजी भुलीचे इंजेक्शन का दिले नाही, असा आक्षेप प्राणिप्रेमींकडून अशा प्रत्येक वेळी येतो. भुलीचे औषध चढायला काही मिनिटे लागतात, आणि बाण लागलेला प्राणी त्या मिनिटांत अधिक चवताळण्याचा संभव असतो. शिवाय पोलिसांकडे ते साधन नव्हते आणि पायाशी एक जखमी माणूस होता. त्या चौघांना दोष देण्यासारखे यात मला काही दिसत नाही. वाघिणीच्या मृत्यूची जबाबदारी शोधायची असेल तर त्या संध्याकाळच्या बऱ्याच मागे जावे लागते.

भिंतीचा हिशेब

घटनेनंतर लगेच संग्रहालयाचे संचालक मॅन्युएल मोलिनेडो यांनी सांगितले की वाघांच्या आवाराभोवतीची भिंत १८ फूट उंच आणि खंदक २० फूट रुंद आहे. दोन दिवसांत प्रत्यक्ष मोजमाप झाले, तेव्हा खंदक ३३ फूट रुंद आणि खंदकाच्या तळापासून भिंतीची उंची १२ फूट ५ इंच निघाली. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांना अधिस्वीकृती देणारी संघटना, असोसिएशन ऑफ झूज अँड अ‍ॅक्वेरियम्स, वाघांच्या आवारासाठी किमान ५ मीटर, म्हणजे सुमारे साडेसोळा फूट उंचीची शिफारस करत होती. भिंत त्या शिफारशीपेक्षा जवळजवळ चार फुटांनी ठेंगणी होती.

या आकड्यांवर थोडे थांबले पाहिजे, कारण माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. संचालकांनी सांगितलेला प्रत्येक आकडा चुकीचा निघाला, आणि दोन्ही चुका एकाच दिशेच्या नव्हत्या : खंदक त्यांनी होता त्यापेक्षा अरुंद सांगितला, भिंत होती त्यापेक्षा उंच सांगितली. मुद्दाम खोटे बोलणारा माणूस असे सांगत नाही. यातून दिसते ते इतकेच की देशातील एका नामांकित संग्रहालयात, वाघ आणि माणूस यांच्यामध्ये उभ्या असलेल्या एकमेव गोष्टीचे माप प्रमुखांच्या माहितीत नव्हते आणि त्यांना ते देऊ शकेल असे कोणी जवळपास नव्हते. लपवाछपवीपेक्षा हे मला जास्त गंभीर वाटते. लपवणाऱ्याला निदान धोका कुठे आहे हे माहीत असते.

ते आवार १९४० च्या सुमाराचे होते. महामंदीच्या काळात बेकारांना काम देण्यासाठी अमेरिकी सरकारने जी बांधकामे काढली त्यांतून हे संग्रहालय आकाराला आले. गजांऐवजी खंदक ही कल्पना त्याहून जुनी, जर्मनीतील कार्ल हागेनबेक यांची. त्यांनी १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ उघडलेल्या प्राणिसंग्रहालयात गज काढून टाकले आणि प्रेक्षक व श्वापद यांच्यामध्ये दिसणार नाही असा खंदक ठेवला. प्रेक्षकाला वाटावे की आपल्यात आणि सिंहात काहीच नाही, हीच त्या रचनेची जादू. पण ती जादू उभी राहते ती मोजमापावर. कोणता प्राणी किती लांब आणि किती उंच उडी मारतो हे आधी तपासावे लागते, आणि हागेनबेक यांनी ते तपासले होते. पुढे ही रचना जगभर नकलली गेली तेव्हा देखावा सगळीकडे पोहोचला, त्यामागचा हिशेब प्रत्येक ठिकाणी पोहोचलाच असे नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत त्या भिंतीने सहा दशकांहून अधिक काळ काम भागवले, आणि त्यामुळेच ती पुरेशी आहे असे सगळ्यांनी धरून चालले. आजवर एकही वाघ त्या भिंतीवरून येऊन कोणाला मारून गेला नव्हता, हे खरे. पण यातून सिद्ध होते ते एवढेच की तोवर कोणत्याही वाघाने पुरेशा जोराने प्रयत्न केला नव्हता. खायला वेळेवर मिळणारा, विशेष कारण नसलेला वाघ साडेबारा फुटांची भिंत चढण्याच्या भानगडीत पडत नाही. त्याच्या अनिच्छेला आपण भिंतीची ताकद समजत राहिलो तर फरक कळतो तो एकदाच.

तातियाना नेमकी कशी वर आली याबद्दल सुरुवातीला तर्कवितर्क झाले. खंदकावरून थेट झेप घेतली असावी, कोणी काही टाकून तिला आधार दिला असावा, असेही बोलले गेले. तिच्या मागच्या पायांच्या नखांत सिमेंटचे कण सापडले आणि नखे तुटलेली, झिजलेली आढळली. म्हणजे ती कोरड्या खंदकाच्या तळातून उसळली, तिने पुढचे पंजे काठावर रोवले आणि मागच्या पायांनी भिंत ओरबाडत स्वतःला वर ओढून घेतले. अशा चढाईत वरच्या चार फुटांनी फरक पडला असता का, याचे उत्तर शंभर टक्के कोणी देऊ शकत नाही. पण शिफारस ज्या अनुभवी मंडळींनी केली होती, त्यांनी नेमका याच शक्यतेचा विचार करून ती केली होती.

एक वर्ष आधीचा इशारा

नाताळच्या घटनेला एक वर्ष तीन दिवस व्हायचे होते तेव्हा, २२ डिसेंबर २००६ रोजी, याच वाघिणीने याच संग्रहालयातील एका प्राणिपाल महिलेचा हात गजांमधून पंजा घालून ओढला होता आणि तिला गंभीर जखमी केले होते. सिंह-वाघांना प्रेक्षकांसमोर खाऊ घालण्याचा तिथे लोकप्रिय कार्यक्रम असे. त्याच्या पाठोपाठ, प्रेक्षक समोर असतानाच, हे घडले. कॅलिफोर्नियाच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने चौकशी करून दोष संग्रहालयाचा ठरवला आणि १८,००० डॉलर दंड केला. पिंजऱ्याच्या गजांची रचना प्राण्याचा पंजा बाहेर येऊ देणारी होती आणि काम करणाऱ्यांचे संरक्षण अपुरे होते, असा तिचा निष्कर्ष होता.

तेव्हा तातियानाला मारून टाकावे अशी मागणी मान्य झाली नाही, आणि तो निर्णय योग्यच होता. ती वाघिणीसारखी वागली होती, इतकेच. संग्रहालयाने सिंहगृह, म्हणजे सिंह-वाघांच्या पिंजऱ्यांची इमारत, बंद ठेवले, सुमारे अडीच लाख डॉलर खर्चून दुरुस्त्या केल्या आणि २००७ च्या सप्टेंबरात ते पुन्हा उघडले. वरवर पाहता जबाबदार संस्थेने जे करावे ते सगळे केले.

तरीही इथे एक मोठी फट राहिली. झालेली चौकशी प्राणिपालाच्या हाताची होती, म्हणून दुरुस्तीही प्राणिपालाच्या हाताचीच झाली. त्याच इमारतीला लागून असलेल्या, त्याच वाघिणीच्या मोकळ्या आवाराची भिंत त्या अडीच लाख डॉलरांच्या कामात कोणी टेप लावून मोजली नाही. कामगार सुरक्षा यंत्रणेचा संबंध कामगारांशी, प्रेक्षकांशी नाही. म्हणून तिनेही ते विचारले नाही. एका घटनेतून नेमका तेवढाच धडा घ्यायचा जेवढा दंडाच्या कागदावर लिहिला आहे, ही सवय आपल्याकडच्या संस्थांतही पुष्कळ आहे, त्यामुळे याचे नवल वाटत नाही. पण जबाबदारीचा प्रश्न निघाला की मी या नऊ-दहा महिन्यांकडे सर्वांत कठोरपणे पाहीन. १९४० च्या अभियंत्याला माहीत नव्हते असे म्हणता येईल. २००७ मध्ये, हीच वाघीण काय करू शकते हे रक्ताने समजल्यावर, ती सबब उरत नाही.

तपासणारे काय तपासत होते

साडेसोळा फुटांची शिफारस करणाऱ्या संघटनेची, असोसिएशन ऑफ झूज अँड अ‍ॅक्वेरियम्सची, संग्रहालयाला अधिस्वीकृती होती. घटनेच्या सुमारे तीन वर्षे आधी तिच्या तपासनीसांनी पाहणी केली होती आणि भिंतीच्या उंचीबद्दल त्यांनी काहीही आक्षेप नोंदवला नव्हता. ज्या संघटनेची शिफारस साडेसोळा फुटांची, तिच्याच पाहणीतून साडेबारा फुटांची भिंत सहज निसटली. अमेरिकी कृषी विभागाचे तपासनीसही येत असत. प्राणी कल्याणाचा १९६६ चा कायदा प्रदर्शनासाठी प्राणी ठेवणाऱ्यांना परवाना घ्यायला लावतो, आणि त्याखालील नियम सांगतात की प्राणी व प्रेक्षक यांच्यात दोघांच्याही सुरक्षिततेची खात्री देणारे अंतर किंवा अडथळा असावा. पण वाघासाठी भिंत किती फूट असावी, असा आकडा त्या नियमांत तेव्हा नव्हता. आकडा संघटनेच्या मार्गदर्शनात होता, सक्ती कायद्यात होती, आणि दोन्ही एकत्र कुठेच नव्हते.

त्यात मालकीची गुंतागुंत. जागा व बांधकामे सॅन फ्रान्सिस्को शहराची, पण १९९३ पासून दैनंदिन कारभार एका ना-नफा संस्थेकडे, सॅन फ्रान्सिस्को झूऑलॉजिकल सोसायटीकडे होता. अशा व्यवस्थेत जुन्या भिंतीची काळजी ही मालकाला कारभाऱ्याची वाटते आणि कारभाऱ्याला मालकाच्या इमारतीचा वारसा वाटते. प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याने दिलेला कागद असतो : संस्थेकडे संघटनेची अधिस्वीकृती, संघटनेकडे आपल्या तपासनीसांचा अहवाल, शहराकडे करारनामा, कृषी विभागाकडे परवाना. भिंत मात्र कोणाच्याच कागदात आकड्यानिशी नव्हती.

डिवचल्याचा प्रश्न

आता त्या तरुणांकडे वळू. पोलिसांनी न्यायालयात दिलेल्या शपथपत्रानुसार, वाचलेल्या भावांपैकी एकाने मृत मुलाच्या वडिलांना सांगितले होते की तिघेही आवाराच्या कठड्यावर उभे राहून वाघिणीकडे पाहून ओरडत आणि हात हलवत होते. काही फेकले नव्हते, असेही त्याने सांगितल्याचे त्यात नमूद आहे. सुमारे तीन फुटांच्या त्या धातूच्या कठड्यावर बुटाचा अर्धवट ठसा मिळाला. तपासणीत एका भावाच्या रक्तात मद्याचे प्रमाण कॅलिफोर्नियात वाहन चालवण्यासाठी असलेल्या मर्यादेच्या दुप्पट निघाले, आणि तिघांच्याही शरीरात गांजाचे अंश आढळले. भावांच्या वकिलांनी चिथावणीचा आरोप फेटाळला. तपासाअंती कोणावरही फौजदारी खटला भरला गेला नाही.

समजा, शपथपत्रातील सर्व काही खरे आहे. तर त्या तरुणांचे वागणे बेजबाबदार होते यात शंका नाही. बंदिस्त प्राण्याला पळून जाता येत नाही, पाठ फिरवून लांब जाता येत नाही, आणि म्हणूनच त्याची खोड काढणे ही साधी दांडगाई राहत नाही. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या ३८-जे या कलमाने प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला डिवचणे, इजा करणे, खाऊ घालणे, शांतता भंग होईल असा गोंगाट करणे या सगळ्यालाच मनाई केली आहे, आणि ती मनाई रास्त आहे. पण अशा वागण्याची वाजवी शिक्षा दंड किंवा बाहेर काढणे ही आहे. सतरा वर्षांच्या पोराने दारूच्या किंवा उत्साहाच्या भरात वाघावर ओरडावे, याची किंमत त्याने जिवाने द्यावी असे कोणी म्हणणार नाही. आणि त्यावर नियंत्रण ठेवणे हे काही संग्रहालयाच्या कल्पनेपलीकडचे काम नव्हते.

दरवर्षी लाखो लोक अशा ठिकाणी येतात. त्यांत काही प्यायलेले असतात, काही कठड्यावर चढतात, काही जण वाघाने मान वर करावी म्हणून टाळ्या पिटतात. हे संचालकाला पहिल्या दिवसापासून माहीत असते. विहिरीला कठडा घालायचा तो वाकून डोकावणाऱ्या पोराचा विचार करून घालायचा असतो, सरळ वाटेने जाणाऱ्याचा नव्हे. प्रेक्षक शहाण्यासारखे वागले तरच पुरेशी ठरणारी भिंत ही मुळात अपुरी भिंत आहे. त्यामुळे डिवचले होते हे सिद्ध झाल्याने वाघीण त्याच क्षणी का उसळली याचे स्पष्टीकरण मिळते, तिला वर येता का आले याचे मिळत नाही. या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांतून वजा करता येत नाहीत. तरुणांचा दोष वाढला म्हणून संस्थेचा तेवढाच कमी झाला, असा हिशेब या प्रकरणात वारंवार मांडला गेला आणि तो चुकीचा आहे.

हा हिशेब मांडण्यात संग्रहालयाचाही हात होता. संस्थेने संकटकाळातील प्रसिद्धी सांभाळणाऱ्या एका व्यावसायिकाची मदत घेतली, आणि काही दिवसांतच वृत्तपत्रांतील चर्चा भिंतीकडून त्या तिघांच्या वागण्याकडे सरकली. वाचलेल्या भावांनी पुढे दाव्यात बदनामीचीही तक्रार केली. आपली बाजू मांडण्याचा हक्क संस्थेला होता हे मान्य. पण ज्या आठवड्यात आपल्याच भिंतीचे माप आपण चुकीचे सांगितले, त्याच आठवड्यात एका मृत मुलाच्या चारित्र्याची चर्चा सुरू होऊ देणे हे शोभणारे नव्हते.

कायद्याच्या चौकटीत

पाश्चात्त्य न्यायपरंपरेत रानटी श्वापद पाळणाऱ्यावर एक जुनी आणि कडक जबाबदारी आहे. कुत्रा चावला तर मालकाने काळजी घेतली होती का, कुत्र्याचा पूर्वेतिहास काय, हे साधारणपणे पाहिले जाते. वाघाने इजा केली तर पाळणाऱ्याने कितीही काळजी घेतली असली तरी नुकसान त्याच्याच माथी येते, कारण वाघ धोकादायक आहे हे त्याला माहीत असणारच. मात्र सार्वजनिक प्राणिसंग्रहालयांच्या बाबतीत अमेरिकेतील न्यायालयांचे एकमत नाही. संग्रहालय हे लोकशिक्षणाचे आणि संवर्धनाचे काम करते, म्हणून तिथे निष्काळजीपणा सिद्ध करावा लागेल, अशी भूमिकाही काही ठिकाणी घेतली गेली आहे. तातियाना प्रकरणात हा भेद फारसा महत्त्वाचा ठरला नसता. भिंतीची उंची आणि आदल्या वर्षीचा दंड हे दोन पुरावे निष्काळजीपणा दाखवायला पुरेसे होते, असे मला वाटते.

तरुणांच्या वागण्याला कायद्यात जागा होती ती वेगळ्या ठिकाणी. कॅलिफोर्नियात नुकसानीला स्वतः हातभार लावणाऱ्या पक्षाची भरपाई त्याच्या दोषाच्या प्रमाणात कमी करता येते. म्हणजे न्यायालयाला टक्केवारी ठरवावी लागली असती. ती वेळ आली नाही. मृत मुलाच्या आईवडिलांशी २००९ च्या सुरुवातीला तडजोड झाली, तिची रक्कम जाहीर झाली नाही, आणि त्याच वर्षी मे महिन्यात दोन्ही भावांना मिळून ९ लाख डॉलर देण्याचे ठरले. तडजोडीत दोष कबूल करावा लागत नाही. ज्या प्रश्नावर सगळे शहर भांडले, त्याचे न्यायालयीन उत्तर त्यामुळे कायमचे राहून गेले.

दुरुस्त्या मात्र झपाट्याने झाल्या. संग्रहालय जानेवारी २००८ च्या पहिल्या आठवड्यात उघडले. वाघांचे आवार त्यानंतर काही आठवड्यांनी खुले झाले तेव्हा काँक्रीटची भिंत वाढवून वर काच बसवली होती, एकूण उंची १९ फुटांवर गेली होती आणि विजेच्या तारा लावल्या होत्या. प्राण्यांवर ओरडू नका, काचेवर ठोकू नका, अशा पाट्या आल्या. संचालक मोलिनेडो २००८ मध्येच पद सोडून गेले. साठ-सत्तर वर्षे न झालेले काम दोन महिन्यांत झाले, यावरून ते अशक्य किंवा परवडण्यापलीकडचे नव्हते हे आपोआप सिद्ध होते.

तेच गणित, दुसरे शहर

सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयात २८ मे २०१६ रोजी तीन वर्षांचा एक मुलगा कठडा ओलांडून गोरिलांच्या खंदकात पडला आणि हरांबे नावाच्या १७ वर्षांच्या नर गोरिलाला गोळी घालावी लागली. तिथे श्वापदाने बाहेर येऊन हल्ला केला नव्हता, म्हणून दोन्ही घटना सारख्या नाहीत. पण नंतरचा क्रम ओळखीचा होता. ते आवार १९७८ मध्ये उघडल्यापासून ३८ वर्षांत असे कधी घडले नव्हते, असे संग्रहालयाने सांगितले. लोकांचा संताप मुलाच्या आईवर उसळला, तिच्यावर खटला भरावा अशी मागणी झाली, आणि सरकारी वकिलांनी ती नाकारली. काही दिवसांत सुमारे तीन फुटांच्या कठड्याच्या जागी साडेतीन फुटांचा, लाकूड आणि जाळी असलेला नवा कठडा उभा राहिला. तीन वर्षांचे मूल हात सोडून पळेल, हे ३८ वर्षे कोणाला माहीत नव्हते असे म्हणणे कठीण आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रकरणात एक कागद उशिरा बाहेर आला. २०११ मध्ये एका वृत्तसंस्थेने माहितीच्या अधिकाराखाली कृषी विभागाची कागदपत्रे मिळवली. त्यांत घटनेच्या दोनच दिवसांनंतर विभागाच्या एका व्याघ्रतज्ज्ञ पशुवैद्यक महिलेने लिहिलेला मसुदा होता. वाघांच्या स्वभावाची आपल्याला जी माहिती आहे तिच्या आधारे, चिथावणीशिवाय वाघीण अशी भिंत चढून बाहेर येण्याचा प्रयत्न करील अशी कल्पना करवत नाही, असे मत तिने त्यात नोंदवले होते. तरुणांना दोषी मानणाऱ्यांनी ते लगेच उचलून धरले. पण हे मत अंतिम अहवालात नव्हते, ते काढून टाकले गेले होते. विभागाच्या प्रवक्त्याने त्याचे कारण असे दिले की प्राणी कल्याण कायद्याच्या अंमलबजावणीच्या दृष्टीने वाघीण चिथावली गेली होती की नाही हा मुद्दा गैरलागू होता.